सोमवारी दुपारी तीन ते पाच

सरकारी फाइलला दोन अंगं असतात. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिप्पणी. पत्रव्यवहारात बाहेरून आलेले अर्ज, निविदा, बिलं आणि ऑफिसातून गेलेल्या पत्रांच्या स्थळप्रती लावलेल्या असतात. टिप्पणीत ऑफिस आपसात बोलतं. लिपिक मजकूर लिहून खाली ‘आदेशार्थ सादर’ असं लिहितो. त्याखाली अभियंत्याचा शेरा, लेखापालाची हरकत, मग मुख्याधिकाऱ्यांचं ‘मान्य’ किंवा ‘चर्चा करावी’. प्रत्येक सहीखाली तारीख. काम कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होतं, हरकत कुणी घेतली होती आणि ती कुणी बाजूला सारली, हे टिप्पणीची चार पानं वाचली की कळतं. त्यासाठी वकील लागत नाही. मराठी वाचता आलं की पुरे.

मी एका नगरपरिषदेत लिपिक म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं आवक-जावक आणि अभिलेख कक्ष माझ्याकडे होता. 12 ऑक्टोबर 2005 रोजी माहितीचा अधिकार कायदा लागू झाला, तेव्हा पुढे जनमाहिती अधिकारी म्हणून लोकांच्या अर्जांना उत्तरं देण्याचं कामही केलं. आता लोकांना तेच अर्ज लिहायला मदत करते. दोन्ही बाजूंनी हा कायदा पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. या कायद्यातली सगळ्यात ताकदवान गोष्ट म्हणजे जाऊन फाइल बघण्याचा हक्क, आणि लोक सगळ्यात कमी वापरतात तो तोच.

लोक अर्जात प्रश्न विचारतात. ‘आमचा रस्ता का झाला नाही?’ ‘माझं प्रकरण का नामंजूर केलं?’ अर्जदाराचा संताप मला समजतो, पण अशा अर्जाचं भवितव्य मला आधीच दिसतं. ऑफिस उत्तर देतं, ‘सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.’ हे उत्तर कायद्याला धरून आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एप्रिल 2008 मध्ये एका शिक्षणसंस्थेशी संबंधित प्रकरणात स्पष्ट केलं की, एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन नव्याने लिहून देणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम नाही. अभिलेखात जे आहे ते द्यायचं. म्हणजे ‘का’ विचारायचं नाही. ज्या कागदावर त्या ‘का’चं उत्तर लिहिलेलं आहे, तो कागद मागायचा. तो कागद बहुतेक वेळा टिप्पणीत सापडतो.

आमच्या शेजारच्या आळीतल्या गुरुजींची गोष्ट सांगते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावाने शांत. आळीतलं गटार मध्येच सोडून ठेकेदार निघून गेला होता आणि पावसाळ्यात खालच्या चार घरांत पाणी शिरत होतं. गुरुजींनी अर्ज केला आणि ठरलेलं उत्तर आलं. ते कागद घेऊन माझ्याकडे आले.

“ताई, यांनी लिहिलंय की ही माहितीच नाही.”

“गुरुजी, आता प्रश्न विचारू नका. नस्ती बघायची आहे एवढंच लिहा. टिप्पणीसह संपूर्ण नस्ती, अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकं, असं नाव घेऊन लिहा.”

“बघायला देतील?”

“द्यावीच लागते.”

कायद्याच्या कलम 2 मध्येच तसं लिहिलं आहे. कामाची, दस्तऐवजांची आणि अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं काढणं, प्रमाणित प्रती घेणं, इतकंच काय, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं, हे सगळं माहितीच्या अधिकारात येतं. डांबर, सिमेंट, शाळेत वाटलेला तांदूळ, कशाचाही नमुना मागता येतो. हे वाक्य वीस वर्षं छापील स्वरूपात आपल्यासमोर आहे, आणि तरी नमुना मागणारे अर्ज माझ्या सगळ्या नोकरीत बोटांवर मोजण्याइतके आले.

गुरुजींना तारीख मिळाली. मी त्यांच्यासोबत गेले. आदल्या दिवशी त्यांनी टेप लावून गटार मोजून आणलं होतं, हे मला फार आवडलं. मोजमाप पुस्तिका, जिला ऑफिसात सगळे एम.बी. म्हणतात, ही बांधकामाच्या फाइलीतली सर्वांत महत्त्वाची वही. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन मोजायचं आणि तिच्यात लिहायचं. लांबी, रुंदी, खोली आणि शेवटच्या रकान्यात परिमाण. या वहीवरून बिल निघतं. आम्ही पान उघडलं. लांबीच्या रकान्यात 112 मीटर होते. गुरुजींच्या चिठ्ठीवर 70 होते.

गुरुजी तेवढ्यावरच उठायला निघाले होते. मी त्यांना टिप्पणी वाचायला बसवलं. बिल सादर झालं तेव्हा लेखापालाने लिहिलं होतं, ‘प्रत्यक्ष कामाची खातरजमा करून देयक फेरसादर करावे.’ खाली तीन दिवसांनी दुसऱ्या शाईत एक ओळ होती, ‘खातरजमा केली आहे.’ सही होती, तारीख होती. स्थळपाहणीचा अहवाल मात्र पत्रव्यवहारात कुठेही लावलेला नव्हता. पानांवरचे क्रमांक पाहिले, सलग होते, म्हणजे अहवाल काढून घेतलेला नव्हता. तो झालाच नव्हता. एका माणसाने आपलं काम चोख केलं होतं आणि दुसऱ्याने तीन शब्दांत ते मोडून काढलं होतं. लेखापालाची ती ओळ बघून मला बरं वाटलं. ऑफिसात अशा ओळी लिहिणारी माणसं असतात, आणि फाइल बंद राहिली की त्यांचं काम कुणाला कळत नाही.

गुरुजींनी लागतील तेवढ्याच पानांच्या प्रमाणित प्रती घेतल्या. पानाला दोन रुपये. त्या लावून तक्रार केली. चौकशी लागली, ठेकेदाराची सुरक्षा ठेव अडकली आणि पुढच्या पावसाआधी गटार पूर्ण झालं. सगळ्याच फाइलींचा शेवट असा होत नाही हे मला माहीत आहे. पण अर्जात प्रश्न विचारत राहिले असते, तर ते गटार आजही तसंच असतं.

टिप्पणी बघता येते हे आज आपण गृहीत धरतो. ते सहजी मिळालेलं नाही. कायदा आल्यावर वर्षभरातच केंद्र सरकारने टिप्पणी लोकांना दाखवायची नाही अशी दुरुस्ती आणायचं ठरवलं. जुलै 2006 मध्ये मंत्रिमंडळाने ती मंजूरही केली. अण्णा हजारे 9 ऑगस्टला आळंदीत उपोषणाला बसले, देशभर लोक रस्त्यावर आले आणि 19 ऑगस्टला, सरकारने माघार घेतल्यावर, उपोषण सुटलं. महाराष्ट्राला ही लढाई नवी नव्हती. केंद्राच्या कायद्याआधी राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून अण्णांनी 2003 च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं होतं. 2006 ची दुरुस्ती झाली असती तर गुरुजींना एम.बी. दिसली असती, पण लेखापालाची ओळ दिसली नसती. चूक दिसली असती, जबाबदार माणूस दिसला नसता.

आता सोमवारचं. 26 नोव्हेंबर 2018 रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने एक शासन निर्णय काढला. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत, असं त्यात सांगितलं आहे. त्यामागचा विचार साधा आहे. जे कागद अर्ज केल्यावर दाखवावेच लागतात, ते आधीच दाखवले तर अर्ज, अपील, सुनावणी हा सगळा फेरा वाचतो. पुणे महापालिकेत ही प्रथा त्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि तिथल्या जागरूक नागरिकांनी रस्त्यांच्या, ठेक्यांच्या फाइली सोमवारी बसून चाळल्या आहेत. राज्याचा निर्णय त्याच अनुभवातून आला.

पण कित्येक ऑफिसांत या वेळेचा फलक नाही. काउंटरवरच्या नव्या मुलाला निर्णय माहीत नसतो, तो म्हणतो, “अर्ज टाका.” त्याच्याशी वाद घालू नका. शासन निर्णयाची प्रत शासनाच्या संकेतस्थळावरून काढून सोबत न्या आणि अधीक्षकांना किंवा जनमाहिती अधिकाऱ्यांना शांतपणे दाखवा. शक्य असेल तर आधीच्या आठवड्यात साधं पत्र देऊन कोणती नस्ती बघायची ते कळवा, म्हणजे ती गठ्ठ्यातून काढून ठेवता येते. पत्राच्या स्थळप्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत एखाद्या जाणत्या माणसाला न्या, वही न्या, पेन्सिल न्या. फोटो काढू देतात की नाही हे ऑफिसागणिक बदलतं, म्हणून पान क्रमांक टिपून प्रमाणित प्रत मागणं उत्तम. तक्रारीत आणि कोर्टात तीच चालते.

सोमवारी दाद लागली नाही तर नेहमीचा रस्ता आहेच. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही आणि कुणी विचारलं तर तेच उत्तर द्यायचं. तीस दिवसांत माहिती द्यायची, कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा, तो परत करायचा नाही. मुदत टळली तर प्रती फुकट. मग पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरिष्ठांकडे, आणि दुसरं राज्य माहिती आयोगाकडे.

या शेवटच्या पायरीवर येऊन माणसं थकतात. आयोगाकडे पडून असलेल्या अपिलांची आणि तक्रारींची संख्या गेल्या काही वर्षांत एक लाखाच्या पुढे गेली होती. आयुक्तांची पदं रिकामी ठेवली की त्या ढिगात भर पडते. चुकार अधिकाऱ्याला दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड कायद्यात आहे, पण सुनावणीच दोन-तीन वर्षांनी लागली तर तो अधिकारी तोवर बदलून गेलेला असतो. म्हणून मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगते, आधी फाइल बघून या. फाइल पाहिलेल्या माणसाच्या अर्जाला उडवाउडवीचं उत्तर देणं कठीण जातं, कारण कोणत्या पानावर काय आहे हे त्याला माहीत असतं.

टेबलाच्या त्या बाजूचंही सांगायला हवं. काही जण माहिती अधिकार वापरून ठेकेदाराकडून, अधिकाऱ्याकडून पैसे उकळतात, अशी तक्रार माझे जुने सहकारी करतात. ती खोटी नाही. मी त्यांना इतकंच म्हणते की, ज्या कागदाची प्रत आधीच सगळ्यांसमोर आहे, तो दाखवून कुणाला धमकावता येत नाही. कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपली कामं, अंदाजपत्रक, खर्च, लाभार्थ्यांची माहिती अशा सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आहेत, आणि त्यासाठी कायद्याने 120 दिवस दिले होते. तेवढं मनापासून झालं असतं तर निम्मे अर्ज आलेच नसते.

त्याच कलमाच्या पहिल्याच ओळीत अभिलेखांची सूची करायला सांगितली आहे. इथे माझा जीव गुंतला आहे. आपल्याकडे सहा गठ्ठे पद्धत आहे. टेबलावरची चालू प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. कक्षात पाठवायच्या कागदांचं पुन्हा वर्गीकरण असतं. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग तीस वर्षांचा, आणि पुढचे कमी मुदतीचे. पद्धत चांगली आहे. पण लिपिकांची पदं भरली जात नाहीत, उरलेल्यांवर निवडणुका आणि सर्वेक्षणं येऊन पडतात, आणि गठ्ठे बांधायला कुणाला सवड होत नाही. आमच्या कक्षात एका भिंतीला ओल यायची. रुमालात बांधलेले जुने गठ्ठे मी उन्हाळ्यात काढून सोडायचे, झटकायचे, डांबराच्या गोळ्या घालून पुन्हा बांधायचे. काही गठ्ठ्यांना कसर लागली होती, पानं चाळणीसारखी झाली होती.

त्या कागदांची किंमत 2023 मध्ये सगळ्या महाराष्ट्राला कळली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील, भूमी अभिलेख, शाळा, नगरपालिका, सगळीकडचे गठ्ठे सुटले. कोतवाल बुकं निघाली, जन्म-मृत्यूच्या नोंदींचे गाव नमुना 14 निघाले, मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. शंभर वर्षांपूर्वी कुण्या पाटलाने, तलाठ्याने, मुन्शीपालटीच्या कारकुनाने लिहिलेली एक ओळ एका कुटुंबाला दाखला मिळवून देत होती. कुणबी दाखल्यांच्या मागणीवर कुणाचं काय मत असेल ते असो. ज्या गावचं दप्तर वाळवीने खाल्लं, तिथल्या माणसाला निर्णय बाजूने लागो की विरुद्ध, दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

म्हणूनच ‘नस्ती आढळून येत नाही’ हे उत्तर मला सगळ्यांत जास्त लागतं. माहिती नाकारायची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये दिली आहेत, आणि त्यांत ‘गहाळ’ हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आहे की, एके काळी उपलब्ध असलेली माहिती सापडत नाही एवढं म्हणून सुटता येणार नाही. कसून शोध घ्यावा लागेल आणि जबाबदारी निश्चित करावी लागेल. आपल्या राज्यात तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आहे. त्याचा भंग करून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘गहाळ’ असं उत्तर आलं तर पहिल्या अपिलात तीन मागण्या करायच्या. शोध घेतल्याचा लेखी तपशील द्या. दुसऱ्या कार्यालयांतल्या प्रतींवरून नस्ती पुन्हा तयार करा. अधिनियमाप्रमाणे जबाबदारी निश्चित करा. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा जळालेल्या कितीतरी फाइली अशाच खालच्या कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा उभ्या केल्या होत्या. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

जमिनीच्या, बांधकाम परवान्यांच्या फाइली बघणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. एकट्याने जाऊ नका, आणि मिळालेल्या प्रती एकट्याच्या कपाटात ठेवू नका. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनीचे व्यवहार माहिती अधिकारातून उघडे करत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी त्यांचा खून झाला. चार-पाच जणांनी मिळून अर्ज करा, प्रती लगेच वाटून ठेवा.

आता नवी काळजी आली आहे. माहिती अधिकारातल्या कलम 8(1)(ञ) मध्ये खासगी माहितीबद्दलची सूट होती. जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने माणसाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडेल, अशी माहिती नाकारता यायची, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागायची. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं तिथे लिहिलेलं होतं. व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने हे सगळं काढून टाकलं आणि नोव्हेंबर 2025 पासून ती दुरुस्ती लागू झाली. आता त्या कलमात व्यक्तिगत माहिती नाकारता येईल एवढंच उरलं आहे.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात माहिती अधिकाराची चळवळ उभी केली ती हजेरीपटांवर. गावासमोर हजेरीपट वाचला जायचा आणि मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचलल्याचं उघड व्हायचं. हजेरीपटात नावंच असतात. एम.बी. खाली मोजणाऱ्याचं नाव असतं. ‘खातरजमा केली आहे’ या ओळीखाली एका माणसाची सही असते. ही सगळी व्यक्तिगत माहिती आहे असं एखाद्या घाबरलेल्या जनमाहिती अधिकाऱ्याने ठरवलं, तर 2006 मध्ये आळंदीत जे वाचवलं ते दुसऱ्या दाराने जाईल. मी त्या खुर्चीवर बसले आहे. संशय असेल तिथे नाकारणं सुरक्षित वाटतं, हे मला ठाऊक आहे.

कलम 8(2) अजून शाबूत आहे. माहिती उघड करण्यातलं जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल, तर सूट असलेली माहितीही देता येते. कलम 10 ही शाबूत आहे. न देण्याजोगा भाग झाकून उरलेला कागद द्यायचा. म्हणून हल्ली मी लिहून दिलेल्या प्रत्येक अर्जात शेवटी दोन ओळी असतात. काम सार्वजनिक पैशातून झालं असल्याने कलम 8(2) प्रमाणे व्यापक जनहित विचारात घ्यावं. आधार क्रमांक, बँक खातं, घरचा पत्ता कलम 10 प्रमाणे झाकावा आणि अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही व तारीख कायम ठेवून प्रत द्यावी. दीडशे शब्दांत हे बसतं. गेल्या महिन्यात गुरुजींनी पाण्याच्या टाकीच्या कामासाठी असाच अर्ज दिला आहे. उत्तराची मुदत अजून संपलेली नाही.